लाल गावातलं अकरा नंबरचं घर

१५ ऑक्टोबर १९३३. पॅरिसला लागून असलेल्या इव्री नावाच्या गावात तीन तरुण मुली बाडबिस्तरा घेऊन राहायला आल्या. त्यांच्यातल्या मादलेन देलब्रेलला एकोणतीस वर्षं पूर्ण व्हायला नऊ दिवस बाकी होते.

इव्री सीन नदीच्या काठावर आहे. तेव्हा तिथे कारखान्यांची दाटी होती. बुटाची नाडी ओवायला भोकाभोवती धातूची बारीक कडी असते ना, तीसुद्धा तिथल्या एका मोठ्या कारखान्यात बनायची. गावात बहुतेक कामगारच राहत. नगरपालिका कम्युनिस्टांच्या हातात होती. महापौर जॉर्ज मारान १९२५ पासून खुर्चीवर होते आणि १९३२ मध्ये गावानं संसदेत पाठवलेला माणूस होता मोरिस तोरेझ, फ्रेंच कम्युनिस्ट पक्षाचा सर्वोच्च नेता. फ्रान्सभर इव्रीची ओळख ‘लाल’ गाव अशीच होती. चर्च होतं, थोडी माणसं तिथे जातही होती. पण झगा घातलेले फादर रस्त्यानं निघाले की पोरं त्यांना खडे मारायची.

अशा गावात या तिघी ख्रिस्ताला धरून जगायला आल्या होत्या. त्यांनी ननचा वेष घेतला नव्हता की मठातली व्रतं घेतली नव्हती. एका घरात राहायचं, मिळेल त्यात भागवायचं, लग्न करायचं नाही, शुभवर्तमानात सांगितलंय तसं शेजाऱ्यांशी वागायचं, इतकंच ठरलं होतं.

मादलेन पुढची एकतीस वर्षं, म्हणजे मरेपर्यंत, इव्रीतच राहिली. ती गोष्ट सांगावीशी वाटते, कारण तिच्यासमोरचा प्रश्न आज आपल्यातल्या बऱ्याच जणांसमोर आहे. हॉस्टेलच्या खोलीत एकटाच प्रार्थना करणारा मुलगा असतो. ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये डबा उघडण्याआधी क्षणभर डोळे मिटणारी सहकारी असते. आजूबाजूचे लोक वाईट नसतात, उलट चांगलेच असतात. त्यांना फक्त देवाची गरज वाटत नाही. अशा वेळी आपली श्रद्धा लपवायची, मिरवायची, की गुपचूप सोडून द्यायची?

देव मेला, मग पुढे काय?

मराठीत ‘सेक्युलर’ला आपण धर्मनिरपेक्ष म्हणतो आणि इहवादीही म्हणतो. हे दोन शब्द दोन वेगळ्या गोष्टी सांगतात. फ्रान्समध्ये पहिली गोष्ट कायद्यानं झाली. ९ डिसेंबर १९०५ च्या कायद्यानं सरकार आणि चर्च वेगळे झाले आणि फादर लोकांना सरकारी तिजोरीतून मिळणारा पगार बंद झाला. दुसरी गोष्ट कुठल्याही कायद्यानं होत नाही. ती हळूहळू घरात शिरते. मुलांचा बाप्तिस्मा होतो, लग्न चर्चमध्ये लागतं, माणूस गेला की फादर येतात. पण मधल्या सगळ्या आयुष्यात देवाला काही काम उरत नाही.

मादलेन अशाच घरात वाढली. २४ ऑक्टोबर १९०४ ला नैऋत्य फ्रान्समधल्या म्युसिदाँ या छोट्या गावी तिचा जन्म झाला. वडील रेल्वेत, त्यामुळे सतत बदल्या. मुलीची शाळा कधी धड झालीच नाही. ती बारा वर्षांची असताना कुटुंब पॅरिसला आलं. वडिलांना साहित्याची आवड होती आणि त्यांच्या मित्रमंडळीत देव न मानणारे विद्वान होते. हुशार मुलीनं त्यांचं बोलणं मन लावून ऐकलं. पंधराव्या वर्षी ती पक्की नास्तिक झाली होती.

तो काळही तसाच होता. पहिल्या महायुद्धात फ्रान्सचे सुमारे १४ लाख सैनिक मेले होते. सतरा वर्षांच्या मादलेननं एक लेख लिहिला. देव मेला आहे, हे त्या लेखाचं गृहीतक होतं आणि रोख होता तो आस्तिकांपेक्षा नास्तिकांवर. देव मेला असेल तर मरण हीच एक खरी गोष्ट उरते. मग क्रांतिकारक कुणासाठी नवं जग उभारतात? शास्त्रज्ञ कशाला धडपडतात? प्रेमिक कायमची वचनं कशी देतात? देव गेला हे सगळे मान्य करतात, पण वागतात मात्र तो अजून घरात असल्यासारखे, असा तिचा आरोप होता. नास्तिक असायचं तर शेवटपर्यंत प्रामाणिक असा, असं तिला म्हणायचं होतं.

याच वर्षांत तिच्या आयुष्यात पडझड झाली. वडिलांची दृष्टी गेली. झाँ मेद्यो या तरुणावर तिचं प्रेम होतं. तो तिला सोडून डॉमिनिकन संघात साधू व्हायला निघून गेला. मादलेन खचली. पण त्याच सुमाराला तिची काही ख्रिस्ती तरुणांशी मैत्री झाली होती. ती मुलं तिच्याइतकीच वाचणारी, तिच्याइतकीच वाद घालणारी, तिच्याइतकीच नाचगाण्याची हौस असणारी. देव त्यांच्या बोलण्यात इतक्या सहजपणे यायचा, की जणू हवेसारखा तो त्यांना लागतच होता.

आता मादलेनला तिचाच युक्तिवाद आडवा आला. देव नाही हे सिद्ध झालेलं नाही. मग तो नाहीच असं धरून चालणं प्रामाणिकपणाचं कसं? देव असण्याची शक्यता असेल तर त्याच्याशी बोलून पाहायला हवं. संत तेरेझा ऑफ आविला यांनी रोज पाच मिनिटं शांतपणे देवाचा विचार करायला सांगितलंय, हे तिनं कुठल्याशा गप्पांत ऐकलं होतं. तिनं तेवढंच करून पाहिलं. २९ मार्च १९२४ हा आपल्या परिवर्तनाचा दिवस, असं ती नंतर मानत आली. तेव्हा ती एकोणीस वर्षांची होती.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी. नास्तिकता हा मादलेनसाठी दुसऱ्या कुणाचा रोग नव्हता, ती तिची स्वतःची जुनी वाट होती. म्हणून पुढे नास्तिकांशी बोलताना तिच्या सुरात कधी कीव आली नाही.

मठ सोडून रस्ता

तिला कार्मेल मठात जायचं होतं. बंद दार, मौन, प्रार्थना. पण आंधळे, चिडचिडे झालेले वडील आणि थकलेली आई यांना टाकून जाणं तिला जमेना. शेवटी ती या निष्कर्षाला आली, की आपल्याला बोलावणं जगाच्या आत राहण्याचंच आहे. १९२६ मध्ये तिच्या कवितांना फ्रेंच अकादमीचा सुली-प्रुदोम पुरस्कार मिळाला होता. कवयित्री म्हणून नाव होऊ लागलं होतं. तेही बाजूला ठेवून तिनं रुग्णसेवा आणि समाजसेवेचं शिक्षण घेतलं आणि इव्री गाठलं.

तिथे पहिलं काम स्थानिक चर्चच्या सेवाकेंद्रातलं होतं. थोड्याच दिवसांत तिला दिसलं, की गावात दोन वेगळी गावं आहेत. चर्चच्या आवारातली माणसं एकमेकांतच राहतात, एकमेकांचीच विचारपूस करतात. कुंपणाबाहेरच्या कामगाराला वाटतं, हे लोक मालकांच्या बाजूचे. त्यात खोटं फार नव्हतं. कामगारांना तुटपुंजा पगार देणाऱ्या मालकांत रविवारी न चुकता मिस्सेला जाणारेही होते. मादलेनला हे फार लागलं. गावानं देवाला नाकारलंय असं ती ऐकून आली होती. प्रत्यक्षात देवाच्या माणसांनी गावाला आधी नाकारलं होतं.

१९३५ मध्ये तिघी चर्चच्या जागेतून निघाल्या आणि र्‍यू रास्पाय या रस्त्यावरच्या ११ नंबरच्या घरात राहायला गेल्या. हळूहळू आणखी मैत्रिणी येऊन मिळाल्या. कुणी नर्स, कुणी समाजसेविका. घराचं दार सगळ्यांना मोकळं असायचं. नोकरी गेलेला कामगार, नवऱ्यानं टाकलेली बाई, वाद घालायला आलेला पक्षाचा कार्यकर्ता, सुट्टीवर आलेला फादर, सगळे एकाच टेबलाशी बसत. येणाऱ्याला तुम्ही चर्चला जाता का, असं कुणी विचारत नसे.

१९३८ मध्ये तिनं आपल्यासारख्या लोकांविषयी एक लेख लिहिला. त्यातली मूळ कल्पना साधी आहे. काही लोकांना देव बाजूला काढून मठात ठेवतो आणि बाकीच्यांना गर्दीतच राहू देतो. या गर्दीतल्यांना साधी नोकरी असते, साधं घर असतं, साधे आजार आणि साधी दुःखं असतात. साधूला मठात जे मिळतं ते सगळं त्यांना रस्त्यावर मिळू शकतं, अशी तिची खात्री होती. एकांत हवा तर मेट्रोच्या दोन स्टेशनांमधला वेळ आहे. शांतता हवी तर जिन्याच्या पायऱ्या चढताना आहे. त्याग हवा तर तोही चालून येतो, फक्त हुतात्म्याच्या थाटात येत नाही. तो भरून गेलेल्या बसच्या, उतू गेलेल्या दुधाच्या, पुन्हा पुन्हा वाजणाऱ्या फोनच्या रूपात येतो. आपण मोठ्या परीक्षेची वाट पाहत बसतो आणि या बारीकसारीक परीक्षांत रोज नापास होतो, असं ती हसत हसत सांगायची.

वाचायला हे गोड वाटतं. जगायला तितकंसं नव्हतं. समाजसेविकेचं काम म्हणजे दिवसाला दहा-पंधरा घरांची दुःखं, फॉर्म, रांगा, अर्ज, नकार. संध्याकाळी दार वाजलं की थकलेल्या अंगानं पुन्हा उठायचं. त्या उठण्यालाच ती प्रार्थनेचा भाग म्हणायची.

पुढे केलेला हात

खरी परीक्षा १९३६ मध्ये आली. १७ एप्रिलला, निवडणुकीच्या तोंडावर, मोरिस तोरेझनं रेडिओवरून फ्रान्सच्या कॅथलिकांना आवाहन केलं. आम्ही निधर्मी असलो तरी तुमच्याकडे मैत्रीचा हात पुढे करतो, असा त्याचा आशय होता. हे भाषण देशभर गाजलं. मादलेनसाठी मात्र ती वर्तमानपत्रातली बातमी नव्हती. तोरेझ तिच्याच गावाचा खासदार होता आणि त्याच्या पक्षाचे कार्यकर्ते तिच्या गल्लीत राहत होते.

तिनं त्यांना जवळून पाहिलं होतं. बेकारांसाठी रात्री-अपरात्री धावणारी, स्वतःच्या पगारातून संपकऱ्यांना मदत करणारी ही माणसं होती. बऱ्याच ख्रिस्ती लोकांपेक्षा त्यांना गरिबाची जास्त चाड होती. पक्षात जावं का, हा प्रश्न तिनं स्वतःला गंभीरपणे विचारला. लेनिन वाचला. शुभवर्तमान पुन्हा वाचलं. आणि ती थांबली.

तिच्या थांबण्याला दोन कारणं होती. पहिलं, देव नाकारणं हा पक्षाच्या विचारातला वरवरचा भाग नव्हता, पाया होता. तो तसाच ठेवून वर आपली श्रद्धा मांडणं म्हणजे कॉम्रेडांचीही फसवणूक आणि स्वतःचीही. दुसरं कारण तिला जास्त मोलाचं वाटायचं. कामगारावर प्रेम करायचं तर मालकाचा द्वेष करावा लागेल, ही अट तिला मान्य नव्हती. मालकाच्या अन्यायाविरुद्ध ती उभी राहायची. त्या माणसाला माणसांतून वजा करायला मात्र तयार नव्हती.

म्हणून तिनं मधली अवघड जागा घेतली. ज्या ठोस कामात एकत्र येता येईल तिथे कम्युनिस्टांसोबत काम करायचं. जिथे मतभेद आहे तिथे तो तोंडावर सांगायचा. मैत्री तुटू द्यायची नाही. अमेरिकेत ज्यूलियस आणि एथेल रोझेनबर्ग या दांपत्याला मृत्युदंड झाला, तेव्हा जगभरातून त्यांच्यासाठी दयेची मागणी झाली. त्यात तिनंही आपला आवाज मिळवला. आणि ती देवाविषयी बोलायची तेव्हा आडून आडून बोलायची नाही. सोबत राहायचं म्हणून श्रद्धेला पाणी घालून पातळ करायचं, हे तिला समोरच्याचा अपमान केल्यासारखं वाटायचं.

दुसरं महायुद्ध सुरू झालं. सप्टेंबर १९३९ मध्ये सरकारनं कम्युनिस्ट पक्षावर बंदी घातली आणि इव्रीची निवडून आलेली नगरपालिकाही गेली. बॉम्बहल्ले, निर्वासित, उपासमार अशा त्या वर्षांत गावातल्या समाजसेवेची सूत्रं मादलेनकडे आली. १९४४ मध्ये पॅरिस मुक्त झालं आणि कम्युनिस्ट परत आले. आधीच्या राजवटीत काम केलेल्यांची सगळीकडे झाडाझडती चालू होती. मादलेनला मात्र नव्या नगरपालिकेनं त्याच पदावर ठेवलं. उघडपणे मिस्सेला जाणारी बाई लाल नगरपालिकेत अधिकारी! ऑक्टोबर १९४६ मध्ये तिनं स्वतःहून ते पद सोडलं, घरातल्या लोकांसाठी आणि दारात येणाऱ्यांसाठी वेळ मिळावा म्हणून.

रोमची एक दिवसाची वारी

यानंतरची जखम तिला पक्षाकडून झाली नाही, चर्चकडून झाली.

१९४३ मध्ये ऑन्री गोदँ आणि इव्हाँ दानिएल या दोन धर्मगुरूंनी एक छोटं पुस्तक लिहिलं. फ्रान्स हाच आता मिशनरी पाठवण्याचा देश झाला आहे का, असा त्याचा प्रश्न होता. पॅरिसचे आर्चबिशप कार्डिनल स्युहार यांना त्या पुस्तकानं हलवून सोडलं. त्यांच्या पाठिंब्यानं काही धर्मगुरूंनी झगे उतरवले आणि ते कारखान्यांत, गोदीत, खाणींत मजुरी करू लागले. त्यांना ‘कामगार-धर्मगुरू’ म्हणत. इव्रीत मादलेन जे दहा वर्षं जगत होती, तेच हे लोक आता करू पाहत होते. त्यांच्यातले कितीतरी तिच्या टेबलाशी येऊन बसत.

पण रोमला भीती वाटू लागली. १ जुलै १९४९ रोजी व्हॅटिकननं कॅथलिकांना कम्युनिस्ट पक्षात जायला मनाई केली. काही कामगार-धर्मगुरू कामगार संघटनांत पुढारी झाले होते, मोर्चांत दिसत होते. हा प्रयोग बंद होणार, अशी कुजबुज सुरू झाली.

मादलेननं ठरवलं, रोमला जायचं आणि संत पेत्राच्या कबरीपाशी प्रार्थना करायची. जवळ पैसे नव्हते. मग एका परिचितानं दिलेल्या लॉटरीच्या तिकिटाला बक्षीस लागलं आणि भाड्याची सोय झाली. ऑगस्ट १९५२ मध्ये ती गाडीत बसली, एक दिवस सेंट पीटर्समध्ये प्रार्थनेत घालवला आणि परत गाडीत बसून इव्रीला आली. शहर पाहिलं नाही, की कुणा बड्या माणसाची भेट मागितली नाही. आपलं काम आणि चर्च यांच्यातला धागा तुटू नये, एवढंच तिचं मागणं होतं.

मागणं तेव्हा तरी पुरं झालं नाही. १ मार्च १९५४ पर्यंत कारखाने सोडा, असा हुकूम निघाला. तेव्हा असे धर्मगुरू शंभराच्या आसपास होते. साधारण निम्म्यांनी हुकूम मानला. बाकीच्यांना कामगार सोबत्यांना अर्ध्या वाटेत सोडणं जमलं नाही. दोन्ही गटांत मादलेनचे मित्र होते.

ती स्वतः चर्चमध्ये राहिली. हा तिचा निर्णय आज काहींना भाबडा वाटेल, काहींना भित्रा. तिची बाजू अशी होती, की रागावून बाहेर पडणं एक वेळ सोपं आहे. पण ज्या घरातून निरोप घेऊन आपण निघालो ते घरच सोडलं, तर शेजाऱ्याला सांगायला आपल्याकडे काय उरतं? ती दुखावली गेली, गप्प मात्र बसली नाही. १९५७ मध्ये तिनं इव्रीतल्या अनुभवांवर पुस्तक काढलं. त्यात कम्युनिस्टांची चिकित्सा आहे आणि त्याहून कडक चिकित्सा सुखवस्तू ख्रिस्ती लोकांची आहे.

हिशेब

सप्टेंबर १९६४ मध्ये मादलेन पॅरिसमध्ये विद्यार्थ्यांसमोर बोलली. तिच्या शेवटच्या भाषणांपैकी ते एक. विषय होता देव न मानणाऱ्यांमध्ये राहणं. सगळे ख्रिस्ती या परिस्थितीला संकट म्हणत होते. तिनं तिला संधी म्हटलं. तीही नास्तिकांना बदलण्याची नव्हे, स्वतः बदलण्याची. जिथे सगळेच श्रद्धाळू असतात तिथे देव घरातल्या जुन्या कपाटासारखा होतो. तो आहे हे माहीत असतं, पण त्याच्याकडे कुणी बघत नाही. जिथे कुणीच मानत नाही तिथे रोज सकाळी नव्यानं विचारावं लागतं, की मी हे का मानते, आणि मानत असेन तर माझ्या वागण्यात ते कुठे दिसतं?

१३ ऑक्टोबर १९६४ रोजी र्‍यू रास्पायच्या घरात ती तिच्या कामाच्या टेबलाशी मृतावस्थेत आढळली. साठ वर्षं पूर्ण व्हायला अकरा दिवस कमी होते. त्याच दिवशी रोममध्ये दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत पॅट्रिक कीगन या साध्या संसारी माणसानं बिशपांच्या सभेसमोर भाषण केलं. एरवी तिथे बोलायचे ते धर्माधिकारीच. पुढच्या वर्षी, १९६५ मध्ये, धर्मगुरूंना पुन्हा कारखान्यांत काम करायला परवानगी मिळाली. मादलेननं यातलं काही पाहिलं नाही. २०१८ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी तिला ‘वंदनीय’ घोषित केलं, म्हणजे संतपदाच्या वाटेवरची एक पायरी. ते घर आजही जपून ठेवलेलं आहे.

मग एकतीस वर्षांत तिनं मिळवलं काय? इव्री ख्रिस्ती झालं नाही. ती गेली तेव्हाही गाव लालच होतं आणि जॉर्ज मारानच महापौर होते. आकड्यांत मोजायचं तर पदरात फारसं काही पडलं नाही. पण तिनं आकड्यांचा हिशेब कधी मांडलाच नव्हता. शेजारी हे सावज नव्हे, हे तिनं पहिल्या वर्षीच ठरवलं होतं.

तिच्या गावातल्या माणसाला रात्री अडचण आली, तर त्याला एक दार ठाऊक होतं. आतली बाई देव मानते हे त्याला माहीत होतं. आपण मानत नाही हे तिला माहीत आहे, हेही माहीत होतं. तरी तो दार वाजवायचा आणि ती उठून उघडायची.